मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? थोडा मागचा इतिहास

मेथोट्रेक्सेट सुरू झालेल्या पेशंटला डॉक्टर, नर्स, केमिस्ट, जो भेटेल तो एकच गोष्ट सांगत असतो, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. दोन-तीनदा ऐकून झालं की माणूस वैतागतो, अहो कळलं की एकदा. पण हे इतकं घोकून का घेतात आणि मुळात आठवड्यातून एकदा हा अजब हिशोब आला कुठून, हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं. कारण आज हे औषध मुख्यतः संधिवात आणि सोरायसिस (त्वचेवर खवल्यांचे चट्टे येणारा आजार) यांसाठी दिलं जात असलं तरी त्यांच्यासाठी ते कुणी बनवलंच नव्हतं.

सुरुवात होते फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वापासून. १९२० च्या दशकाच्या शेवटी लूसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली होती, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका ॲनिमियाचा ती अभ्यास करत होती. यीस्टचा अर्क दिला की या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये छापलं. अर्कात नेमकं काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा केला गेला आणि त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. मग अमेरिकेत लेडरली या औषध कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने ते कृत्रिमरीत्या बनवलं.

आता बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीची औषधं दिल्यावर आजार उलट वेगाने वाढतोय असं त्यांना वाटलं, म्हणजे जी गोष्ट दिल्याने पेशी फोफावतात ती अडवली तर? लेडरलीच्या लोकांनी मग फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे पण त्याचं काम न करणारे, उलट त्याची जागा अडवून बसणारे रेणू बनवले. त्यातला एक ॲमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बरनी १६ मुलांचा रिपोर्ट छापला, त्यातल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली, तात्पुरती का होईना पण त्या काळात ल्युकेमियात एवढंही कुणी बघितलं नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले, पुढचं काही त्यांना बघायला मिळालं नाही. ॲमिनोप्टेरिनचाच थोडा बदललेला भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट, तेव्हा त्याला ॲमेथोप्टेरिन म्हणायचे.

म्हणजे बघा, जन्म कॅन्सरच्या औषधाचा. आणि ही ओळख त्याला अजून चिकटलेली आहे, नेटवर नाव टाकलं की 'कीमोथेरपी' दिसतं आणि पेशंट घाबरून गोळी बंद करतो, हा त्रास डॉक्टरांना आजही आहे.

सांध्यांकडे हे औषध वळलं १९५१ मध्ये. गबनर नावाचे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या, मोजक्या पेशंटना ॲमिनोप्टेरिन देऊन बघितलं, सांध्यांची सूज उतरली आणि सोरायसिसचे चट्टेही गेले. खरं तर इथूनच गाडी सुटायला हवी होती. पण तेव्हा कॉर्टिसोन या स्टेरॉइडचं वारं होतं, त्यावरच्या कामासाठी हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल नुकतंच मिळालेलं, अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालत होती, अशात कॅन्सरचं विषारी औषध सांध्यांना कोण देणार. स्टेरॉइडचे दुष्परिणाम दिसायला लागेपर्यंत बरीच वर्षं गेली. संधिवातवाले डॉक्टर जवळपास वीस वर्षं या औषधाकडे फिरकलेच नाहीत, माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात वाईट उशीर हाच.

त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र ते सोडलं नाही. १९५८ मध्ये एडमंडसन आणि गाय यांनी सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट वापरल्याचं छापलं आणि १९६० च्या दशकात ते पसरलं. पण तेव्हा बरेच जण ते रोज द्यायचे, थोडं थोडं, कारण औषध म्हटलं की रोज हीच सगळ्यांची सवय. आणि मग लिव्हर खराब झालेले पेशंट दिसायला लागले. रोज थोडं घेणारे आणि आठवड्यातून एकदा जास्त घेणारे यांची तुलना झाली तेव्हा लिव्हरचा त्रास रोजवाल्यांमध्ये जास्त निघाला. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि फ्रॉस्ट यांनी सोरायसिसच्या पेशी किती वेगाने वाढतात त्याचा हिशोब मांडून आठवड्यातून एकदाच, पण १२-१२ तासांच्या अंतराने तीन डोस, अशी पद्धत सुचवली. आठवड्याचा नियम असा आला, आधी अंगावर आलेल्या अनुभवातून आणि मग त्याला गणित जोडून. गंमत म्हणजे हाच १२ तासांचा पर्याय नंतर घात करणारा ठरला, कारण 'दर १२ तासांनी एक' एवढंच लक्षात राहायचं आणि तीन डोस झाले की थांबायचं हे राहून जायचं.

संधिवातात परत आणलं ते रेक्स हॉफमाइस्टर यांनी, वॉशिंग्टन राज्यातले डॉक्टर. १९७२ मध्ये त्यांनी आपला अनुभव मांडला, फारसं कुणी मनावर घेतलं नाही, ते आपले देत राहिले आणि १९८३ मध्ये ७८ पेशंटचा अनुभव छापला. मग १९८५ मध्ये वाइनब्लाट वगैरेंच्या नीट तुलना करून केलेल्या ट्रायल आल्या आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी मान्यता दिली. गबनरपासून ३७ वर्षं! आज या आजारात सुरुवातीला बहुतेक वेळा हेच देतात, सोरायसिसमध्ये आहे, सोरायसिसच्या संधिवातात आहे, क्रोन्स डिसीज या आतड्याच्या आजारातही वापरतात.

आता आठवड्यातून एकदा घेऊन ते पुरतं कसं, हे नीट समजून घेतलं पाहिजे कारण धोकाही तिथेच आहे. मेथोट्रेक्सेट पेशीत शिरलं की पेशी त्याला ग्लुटामेटची शेपटी जोडते आणि मग ते सहज बाहेर पडत नाही, रक्तातून एका दिवसात बहुतेक निघून जातं पण पेशीत बरेच दिवस मुक्काम करतं. म्हणून आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम पुरे होतं. आणि म्हणूनच रोज घेतलं तर आधीचं गेलेलं नसताना वरून नवीन पडत राहतं. ज्या पेशी सतत नव्या बनतात, म्हणजे बोन मॅरोतल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या, त्यांना डीएनए बनवायला फॉलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्याच जातीचा पदार्थ, मिळेनासं होतं, श्वासच घेता येत नाही म्हणा ना. पहिल्यांदा तोंड येतं, इतकं की पाणी गिळवत नाही, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात, मग इन्फेक्शन.

हाडांच्या एका कॅन्सरमध्ये हेच औषध ग्रॅमच्या हिशोबात शिरेतून देतात आणि मागोमाग फोलिनिक ॲसिड (फॉलेटचंच एक रूप) देऊन पेशंटला सांभाळतात, तो पेशंट उठून घरी जातो. आणि इकडे संधिवाताचा पेशंट रोज १० मिलिग्रॅम आठ-दहा दिवस घेऊन दगावू शकतो. एकदम किती घेतलं यापेक्षा पेशीला सुट्टी मिळाली की नाही यावर बरंच अवलंबून आहे. किडनी कमजोर असेल तर आणखी कठीण, कारण बाहेर पडायचा मुख्य रस्ता तोच. ट्रायमेथोप्रिम असलेली ॲंटिबायोटिक, म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनला सर्रास लिहितात ती, सोबत आली तर दोघंही फॉलेटच्याच मागे लागतात, हे जोडीने देऊच नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं तरी दिलं जातं.

फॉलिक ॲसिड सोबत द्यायचं हे पण नंतर ठरलं. आधी भीती होती की ते दिलं तर औषधाचा गुण जाईल, १९९० आणि १९९४ मध्ये मॉर्गन आणि सहकाऱ्यांच्या ट्रायलमधून दिसलं की त्रास कमी होतो आणि सांध्यांवरचा परिणाम टिकतो. लिव्हरच्या बाबतीतही तसंच, सोरायसिसवाल्यांनी ठराविक एकूण डोस झाला की लिव्हरची बायॉप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, करायची पद्धत पाडली होती, १९९४ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने सांगितलं की संधिवाताच्या सगळ्या पेशंटना सुई टोचायची गरज नाही, नियमित रक्त तपासा. ब्रिटनमध्ये आता डोस स्थिर होऊन ६ आठवडे होईपर्यंत दर २ आठवड्यांनी, मग ३ महिने दर महिन्याला आणि नंतर साधारण दर १२ आठवड्यांनी रक्त बघतात, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी).

पण फॉलिक ॲसिडने एक नवीन घोटाळा आणला. एक गोळी रोज, दुसरी आठवड्याला, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही छोट्या आणि पिवळ्या. अदलाबदल झाली की संपलं.

चुकांची गोष्ट उघड्यावर आली ती मुख्यतः ब्रिटनमधून. एप्रिल २००० मध्ये केंब्रिजशायरमध्ये एका पेशंटचा मृत्यू झाला, आठवड्याच्या डोसच्या जागी रोजचा डोस लिहिला गेला होता आणि तो कागद एकामागून एक हातांतून गेला तरी कुणी थांबवला नाही. त्याची चौकशी झाली, अहवाल छापला गेला. मग तिथल्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने २००४ मध्ये इशारा काढला, आधीच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये २५ मृत्यू आणि २६ जणांना गंभीर इजा झाल्याचं त्यात होतं. ऑस्ट्रेलियात २००० ते २०१४ च्या नोंदी चाळल्या तेव्हा रोज घेतल्यामुळे झालेले ७ मृत्यू सापडले. हे फक्त नोंदलेले, बाकी किती जण 'इन्फेक्शनने गेले' म्हणून लिहिले गेले असतील कुणास ठाऊक.

आणि चूक कोण करतं? सगळेच. हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावर औषधाचा चार्ट म्हणजे रोजच्या चौकटी, नवीन डॉक्टर घरची औषधं उतरवून घेताना सवयीने रोज लिहितो आणि नर्स चौकट भरते. कॉम्प्युटरवर लिहिताना यादीत 'रोज' सगळ्यात वर असतं. चिठ्ठीवर 'डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे' एवढंच लिहिलं की केमिस्टलाही कळत नाही. कधी डॉक्टरने एमटीएक्स असं तोडून लिहिलं की ते दुसऱ्याच कॅन्सरच्या औषधाचं नाव वाटतं. पेशंटकडून पण होतं, सांधे जास्त दुखले म्हणून मधेच एक जास्तीची घेतली.

उपाय मग एकेक करून आले, प्रत्येकामागे कुणीतरी गेलेलं असणार असं वाटत राहतं. २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला वेगळ्या करा, शक्यतो एकाच ताकदीची द्या म्हणजे मोजणीत गोंधळ नको, पेशंटकडे स्वतःची नोंदवही द्या. अमेरिकेतल्या सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस संस्थेने हॉस्पिटलांना सांगितलं की कॉम्प्युटरवर तोंडाने घ्यायचं मेथोट्रेक्सेट आपोआप 'आठवड्याला' असंच यायला हवं आणि कुणी रोज लिहिलं तर सिस्टिमने अडवायला हवं, कॅन्सरचं कारण दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, ही चूक 'कधीच घडू नये' अशा घटनांच्या यादीत टाकली. तरी थांबेना, म्हणून २०१८ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने पुन्हा तपासणी सुरू केली आणि २०१९ मध्ये नियम कडक केले, या औषधाची नीट माहिती असलेल्या डॉक्टरनेच लिहावं, डब्यातल्या सुट्या गोळ्या बंद करून ब्लिस्टर पॅक (एकेक गोळी वेगळी असलेली पट्टी) आणावं, खोक्यावर ठळक इशारा छापावा आणि प्रत्येक पेशंटला कार्ड द्यावं. ब्रिटनच्या एमएचआरए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये हेच लागू केलं. डबा ते ब्लिस्टर हा बदल साधा वाटतो पण डब्यातून रोज एक काढणं फार सोपं असतं.

त्या कार्डावर वार लिहायला जागा असते. तिथे डॉक्टरने आपल्या मनाने वार टाकायचा नाही, पेशंटला विचारायचं की तुम्हाला कुठला वार पक्का लक्षात राहतो, आणि तो सांगेल तो वार पूर्ण अक्षरांत लिहायचा.