अवजड मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना, मुंबई

ट्रक, डंपर, ट्रेलर यांसारखी मोठी मालवाहू वाहने प्रशिक्षकाला शेजारी बसवून चालवायला शिकण्यासाठी परिवहन विभाग जी सहा महिन्यांची परवानगी देतो, तिला अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना म्हणतात. सरकारी कागदांत ती ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ असते. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ‘हेवीचं लर्निंग’ म्हटले की काम भागते. मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ती मिळते. मुंबई शहर आणि उपनगरांत ताडदेव (एमएच ०१), अंधेरी (एमएच ०२), वडाळा (एमएच ०३) आणि बोरिवली (एमएच ४७) ही चार आरटीओ कार्यालये आहेत.

कोणत्या गाडीला लागतो

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, छापलेले एकूण वजन, म्हणजे गाडी आणि तिच्यात भरता येणारा माल मिळून होणारे वजन, ७,५०० किलोपर्यंत असेल तर ती गाडी हलक्या वाहनांत मोडते. टाटाच्या छोटा हत्ती किंवा ४०७ यांसारख्या लहान मालगाड्या माल वाहण्यासाठी चालवायला साधे एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचे, लायसन पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हा अर्थ लावला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायम केला. ७,५०० किलोच्या वर मात्र ‘परिवहन वाहन’ या वर्गाची नोंद लागतेच. मध्यम माल, अवजड माल, मध्यम प्रवासी आणि अवजड प्रवासी असे पूर्वीचे चार वेगळे वर्ग १९९४ च्या दुरुस्तीने या एकाच वर्गात आणले गेले. मधल्या आकाराच्या टेम्पोंची काही मॉडेले या मर्यादेच्या जेमतेम खाली असतात, काही वर. बाहेरून पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. आरसीवरचा आकडाच पाहावा.

पात्रता

वय २० वर्षे पूर्ण हवे. खासगी मोटारीसाठी असलेली १८ ची अट इथे चालत नाही. दुसरी अट जास्त अडवते: अर्जदाराकडे हलक्या वाहनाचा पक्का परवाना किमान एक वर्ष असला पाहिजे. हे वर्ष पक्का परवाना मिळाल्या दिवसापासून मोजतात, लर्निंगच्या तारखेपासून नव्हे. नुसत्या दुचाकीच्या लायसनवर हेवीचा अर्ज होत नाही. वर्षानुवर्षे क्लीनर म्हणून ट्रकवर फिरलेल्या आणि गाडीचा नट-बोल्ट ओळखणाऱ्या माणसाचीही गाडी नेमकी इथेच अडते, कारण त्याने चारचाकीचे लायसन कधी काढलेलेच नसते. त्याने आधी ते काढावे. या वर्षाला कायद्यात पळवाट नाही. आठवी पास असण्याची जुनी अट २०१९ मध्ये रद्द झाली. तरीही शाळेचा दाखला मागणारे एजंट अजून भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून दाखल्यासाठी गावी चकरा मारू नयेत.

अर्ज

अर्ज केंद्र सरकारच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर फॉर्म २ मध्ये भरला जातो. सोबत वय आणि पत्त्याचा पुरावा, हातातले एलएमव्ही लायसन आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. शिकाऊ परवान्याचे सरकारी शुल्क एका वर्गासाठी १५० रुपये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. साताऱ्यात किंवा बीडमध्ये एलएमव्ही काढून मुंबईत कामाला आलेल्यांना याचा उपयोग होतो.

बऱ्याच जणांना ठाऊक नसते, पण वैध वाहन परवाना ज्याच्याकडे आहे त्याला शिकाऊ परवान्याची संगणकावरची प्राथमिक चाचणी द्यावी लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११ मध्येच ही सूट आहे. हेवीसाठी एलएमव्ही आधीच हवे असल्याने या अर्जदारांना ती सूट आपसूक लागू होते. ‘परीक्षा पास करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर ते द्यायचे काही कारण नाही.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा कागदांतल्या तफावतीमुळे. आधारवर वडिलांचे नाव पूर्ण आणि लायसनवर फक्त आद्याक्षर, किंवा दोन ठिकाणी दोन जन्मतारखा, असे असेल तर आधी दुरुस्ती करून मगच अर्ज करावा. पुस्तिकेच्या काळातले लायसन सारथीत दिसत नसेल, तर ते जिथून निघाले त्या कार्यालयात जाऊन त्याची संगणकीय नोंद करून घ्यावी लागते.

वैद्यकीय प्रमाणपत्र

खासगी वाहनासाठी चाळिशीच्या आतल्या माणसाला स्वतःचे घोषणापत्र, म्हणजे फॉर्म १, पुरतो. परिवहन वाहनासाठी वय काहीही असले तरी नोंदणीकृत डॉक्टरने भरलेला फॉर्म १-अ लागतो. डॉक्टरने प्रामुख्याने नजर, रंगांची ओळख, ऐकू येणे, रातांधळेपणा आणि हातापायांच्या हालचाली तपासायच्या असतात. चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. चष्मा लावून वाचता आली तरी चालते, पण मग गाडी चालवतानाही चष्मा हवाच. न तपासता सही करणारे डॉक्टर सापडतात, आणि त्याची किंमत रात्री घाट उतरताना मोजावी लागते. ट्रकवाल्याच्या नजरेतला दोष त्याच्यापेक्षा समोरून येणाऱ्याला आधी भोवतो.

शिकण्याचा काळ

लर्निंग हातात आले की याच केंद्रीय नियमांतला नियम ३ लागू होतो. त्या वर्गाच्या गाडीचे वैध लायसन असलेला प्रशिक्षक शेजारी हवा, आणि गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. पुढे-मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ लागतो: पाटी किमान १८ सेंमी चौरस, अक्षर किमान १० सेंमी उंच, २ सेंमी जाड आणि पायाशी ९ सेंमी रुंद. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला ‘एल’ या मापात बसत नाही.

परिवहन वाहनाच्या पक्क्या परवान्यासाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे फॉर्म ५ मधले प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यासाठी किमान ३० दिवसांचे प्रशिक्षण आणि किमान १५ तास प्रत्यक्ष चालवणे ठरलेले आहे. हे तास स्कूलने फॉर्म १५ च्या नोंदवहीत लिहायचे असतात. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. पैसे भरून नुसता फॉर्म ५ घरी आणण्याची पद्धत सर्रास आहे. या संपूर्ण प्रक्रियेत खरे शिकणे फक्त याच पंधरा तासांत होते, म्हणून ते कोणालाही विकू नयेत. प्रवेश घेण्यापूर्वी स्कूलकडे दुहेरी नियंत्रण (प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक-क्लच) असलेला ट्रक प्रत्यक्ष उभा आहे ना, हे पाहावे. प्रमाणपत्रातल्या तारखा लर्निंगच्या तारखेनंतरच्या आहेत की नाहीत, हेही तपासावे. त्याआधीच्या तारखा असल्या तर आक्षेप येतो.

मोटारीवरून ट्रकवर आलेल्याची चूक बहुधा वळणावर होते. केबिन वळण पार करते आणि मागची चाके आतून कापत फुटपाथवर किंवा दुचाकीवर चढतात. त्यामुळे मस्जिद बंदरसारख्या अरुंद भागात डावे वळण घेताना आधी थोडे पुढे जाऊन मग स्टिअरिंग फिरवावे आणि डाव्या आरशावरची नजर काढू नये. दुसरी चूक एअर ब्रेकची. गाडी सुरू केली की हवेचा दाब पुरेसा भरेपर्यंत ती हलवायची नाही. उतारावर ब्रेक सतत पंप केला तर हवा संपत जाते, सतत दाबून धरला तर ड्रम तापून पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) वापरायचा आणि गाडी न्यूट्रल कधीच करायची नाही. बोरघाटात आणि कसाऱ्यात डिझेल वाचवण्याच्या नादात न्यूट्रल केलेली गाडी आवरत नाही.

मुंबईत सराव कधी करायचा, हाही प्रश्न असतो. गर्दीच्या वेळात अवजड वाहनांना शहरातल्या अनेक रस्त्यांवर बंदी असते, म्हणून वाहतूक पोलिसांची चालू अधिसूचना पाहूनच वेळ ठरवावी.

रात्री हायवे मोकळा मिळाला की भरलेल्या ट्रकचे स्टिअरिंग क्लीनरच्या हाती देऊन त्याला शिकवणारे उस्ताद आजही आहेत. असे शिकून चांगले ड्रायव्हर झालेले असंख्य आहेत, त्यामुळे ही पद्धत निरुपद्रवी वाटते. पण मालवाहू वाहनाच्या प्रमाणित विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते: शिकाऊ परवानाधारक चालवत असेल तर अपघाताच्या वेळी गाडीतून मालवाहतूक चालू नसावी आणि नियम ३ पाळलेला असावा. म्हणजे लर्निंग खिशात असले तरी माल भरलेल्या गाडीवर शिकताना अपघात झाला, तर विमा कंपनी ही अट पुढे करून भरपाईचा बोजा मालकावर ढकलू शकते. शिकायचे तर रिकाम्या गाडीवर. लर्निंगही नसेल तर चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि गाडी हाती देणाऱ्या मालकालाही तेवढाच.

पुढची पायरी

लर्निंग मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी, आणि सहा महिन्यांच्या मुदतीच्या आत, पक्की चाचणी द्यावी लागते. तिचे शुल्क ३०० रुपये आहे. मुदत संपली तर अर्ज नव्याने. चाचणीत नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तिसऱ्यांदाही जमले नाही तर साठ दिवस थांबावे लागते. परिवहन वर्गाची नोंद पाच वर्षे वैध राहते.

टॅक्सी-रिक्षासाठी लागणारा बॅज मालवाहू ट्रकला लागत नाही. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचे टँकर नेणाऱ्यांना मात्र धोकादायक मालाची वेगळी नोंद घ्यावी लागते. तिच्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आहे, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते, आणि ही नोंद तीन वर्षांनी संपते. नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाची उजळणी करावी लागते.