पार्श्वभूमी : ग्राहक एका एजंटानं दिला, पॉलिसी दुसऱ्यानं काढली; मधले पैसे कशाचे?

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरांत आयुर्विमा एका एजंटाकडे, गाडीचा विमा दुसऱ्याकडे आणि मेडिक्लेम तिसऱ्याकडे, अशी वाटणी सर्रास दिसते. याचं एक कारण कायद्यात आहे. एका व्यक्तीला एकाच आयुर्विमा कंपनीची, एकाच सर्वसाधारण विमा कंपनीची आणि एकाच स्वतंत्र आरोग्य विमा कंपनीची एजन्सी घेता येते, आणि पुष्कळ जण पहिलीवरच थांबतात. मग पॉलिसीधारक आपल्या आयुर्विम्याच्या एजंटाला विचारतो, "काका, गाडीचा विमा कुणाकडे काढू?" काका एक नंबर देतात. इथवर काहीच गैर नाही. त्या नंबरवाल्यानं नंतर काकांच्या हातात पाचशे रुपये ठेवले, तर मात्र प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर शोधायला १९३८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या काळात देशात विमा कंपन्यांची गर्दी होती आणि पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं होतं. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून एजंट त्यातला भाग त्यालाच परत करायचे. यालाच रिबेट म्हणतात. १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ४१ नं ते बंद केलं. देणारा जसा दोषी, तसाच घेणाराही. एजंटानं स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी काढली तर तिच्यावरचं कमिशन घेण्याची सूट तेवढी ठेवली. दंड होता जास्तीत जास्त ५०० रुपये. २०१५ च्या दुरुस्तीनं तो दहा लाखांपर्यंत नेला. हे कलम प्रत्येक प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, बारीक अक्षरात छापलेलं असतं, सही करताना वाचतं मात्र क्वचितच कुणी.

रिबेटनं नुकसान कुणाचं होतं, हे आकड्यांत पाहू. कायद्यानं पुढे घालून दिलेली आयुर्विम्याची कमाल मर्यादा पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि त्यानंतर पाच टक्के होती. वार्षिक हप्ता २०,००० रुपये धरला, तर पहिल्या वर्षी ७,०००, पुढची दोन वर्षं १,५०० आणि मग दरसाल १,००० रुपये. यातले ३,५०० कुणाला वाटून दिले की एजंटाला दुसऱ्या वर्षी त्या घरी जाण्यात रस उरत नाही. नवं गिऱ्हाईक शोधणं त्याला जास्त परवडतं. हप्ता चुकतो, तीस दिवसांची सवलतीची मुदत संपते, पॉलिसी बंद पडते. पूर्वी तीन वर्षं हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यूच (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम) नव्हती, म्हणजे भरलेले पैसे बुडाले. मधल्या माणसाला दिलेल्या मोबदल्याचाही परिणाम हाच होतो. पैसा गिऱ्हाइकाकडे गेला की ओळख करून देणाऱ्याकडे, एजंटाच्या हातात उरणारी रक्कम तेवढीच.

दुसरी बंदी कलम ४० ची. विम्याचं काम मिळवून दिल्याबद्दल एजंट किंवा नोंदणी असलेल्या मध्यस्थाखेरीज कुणालाही मोबदला देता येत नाही. पण पूर्वी कायद्यात प्रिन्सिपल एजंट, चीफ एजंट, स्पेशल एजंट अशा एजंटांच्या वरच्या पायऱ्यांनाही जागा होती. काम खालचा माणूस करी आणि वरच्या प्रत्येकाचा त्यात भाग असे. १९५० च्या दुरुस्तीनं प्रिन्सिपल एजन्सी मोडीत काढली आणि कमिशनच्या मर्यादा नव्यानं बांधल्या. १९५६ मध्ये २४५ कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झालं. १९७३ मध्ये १०७ सर्वसाधारण विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत आल्या.

एकच आयुर्विमा कंपनी असल्यावर दुसऱ्या कंपनीच्या एजंटाला गिऱ्हाईक देण्याचा प्रश्नच उरला नाही. पण तेढ संपली नाही, ती एकाच शाखेतल्या दोन एजंटांमध्ये आली. बडोद्याभोवती कारखाने वाढले. खतांचा कारखाना, १९६५ ची कोयलीची रिफायनरी, त्यानंतर पेट्रोकेमिकल्स. पगारातून हप्ता कापणारी योजना आली तशी कारखान्याच्या आतली ओळख हेच एजंटाचं भांडवल झालं. बायकोच्या नावावर एजन्सी आणि काम नवऱ्याचं, ही रीतही जुनी. मोबदला कागदावर कुणाच्या नावे जातो आणि प्रत्यक्षात कोण घेतो, हा फरक तेव्हापासून अंगवळणी पडला. आजच्या ‘लीड’च्या, म्हणजे संभाव्य ग्राहकाचा नंबर विकण्याच्या, व्यवहारात त्याचंच पुढचं रूप दिसतं.

२००० नंतर खाजगी कंपन्या आल्या, बँका कॉर्पोरेट एजंट झाल्या, ब्रोकर आले आणि फोन नंबरांच्या याद्यांना भाव आला. २०१० मध्ये विमा नियामकानं याद्या देणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळे नियम केले. आपल्या ग्राहकांची माहिती त्यांच्या संमतीनं विमा कंपनीला देता येईल, विक्रीत मात्र हात घालता येणार नाही. ही सोय कंपन्यांसाठी होती, शेजारच्या टेबलावरच्या एजंटासाठी नव्हती. २०१५ ला कलम ४० नव्यानं लिहिलं गेलं आणि एजंटानं विमा कंपनीकडून कमिशन नियमांप्रमाणेच घ्यावं असं त्यात आलं. साखळी पद्धतीनं विमा विकण्यावरही त्याच वेळी स्पष्ट बंदी आली. २०२३ मध्ये उत्पादनागणिक कमिशनच्या मर्यादा उठल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा राहिली. मोबदला कुणाला द्यायचा यावरची बंदी मात्र तशीच राहिली.

म्हणजे कायद्यानं पैशाच्या दोन वाटा नाव घेऊन अडवल्या, ग्राहकाकडे जाणारी आणि वरच्या मुकादमाकडे जाणारी. एजंटाकडून एजंटाकडे आडवा जाणारा पैसा कलम ४० च्या शब्दांत नाव न घेता, ओघानं येतो, आणि पळवाट शोधणारे इथेच बोट ठेवतात : "तोही एजंटच आहे ना?" आहे, पण या कंपनीचा नाही, या पॉलिसीवर त्याचा कोड (एजंट क्रमांक) नाही. दुसऱ्या कंपनीची नेमणूक इथे कामाला येत नाही, असाच त्या कलमाचा अर्थ आम्ही घेतो.

कायद्यापेक्षा मोठा धोका कागदावर असतो. आयुर्विम्याच्या प्रपोजलसोबत एजंट आपला गोपनीय अहवाल देतो. प्रस्तावकाला किती वर्षांपासून ओळखता, तब्येत कशी दिसते, उत्पन्न किती असावं. विकत आलेल्या ग्राहकाला सही करणारा एजंट आदल्या दिवशी पहिल्यांदा भेटलेला असतो. साखर किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत हे पाठवणाऱ्या काकांना ठाऊक असतं, फॉर्म भरणाऱ्याला नसतं. तो रकाना ‘नाही’ असा भरला जातो. कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणानं शंका घेता येत नाही, म्हणून त्याआधीच्या मृत्युदाव्याची चौकशी कसून होते. औषधाच्या दुकानाची बिलं, दवाखान्याचे कागद निघतात आणि दावा नाकारला जातो. विधवा बाई काकांकडे येते तेव्हा काकांचा कोड त्या पॉलिसीवर कुठेच नसतो.

गाडीच्या विम्याचंही तसंच. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात शहरात असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी शिरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारून ते निकामी झालं तर बहुतेक वेळा नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचा जोड घ्यावा लागतो. ज्यानं गिऱ्हाइकासाठी पैसे मोजले आहेत तो ते भरून काढायला किमतीत स्पर्धा करतो, आणि पहिला कापला जातो तो असा जोड.

डॉक्टरांच्या ‘कट’बद्दल मराठी माणूस उघड बोलतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्ण पाठवल्याबद्दल मोबदल्याला बंदी आहे. विम्यात त्याच व्यवहाराला ‘रेफरन्स’ म्हणतात आणि कुणाला खटकत नाही, याचा आम्हाला खरोखर त्रास होतो.

स्वच्छ मार्ग आहेत. सर्वसाधारण आणि आरोग्य विम्याची परीक्षा देऊन स्वतः नेमणूक घ्यावी. मग कमिशन थेट कंपनीकडून, बँक खात्यात, टीडीएस कापून येतं. तेवढं करायचं नसेल तर नंबर फुकट द्यावा, पण ग्राहकाला आधी विचारून. तिघांच्या एका व्हॉट्सॲप संदेशात लिहावं : पॉलिसी कुणाची, नूतनीकरणाची आठवण कोण करणार, दाव्याच्या वेळी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला फोन कोण लावणार. फॉर्म भरताना पाठवणाऱ्यानं ग्राहकासोबत बसावं, आजार आणि औषधांचा रकाना भरून होईपर्यंत.