कुत्र्याच्या घरगुती ग्रूमिंगमधील किरकोळ जखमा

कुत्र्याची नखे कापताना, केस विंचरताना किंवा ट्रिमर फिरवताना होणाऱ्या वरवरच्या इजा व त्यांवरील प्रथमोपचार.

सर्वांत नेहमीची इजा म्हणजे नख जिव्हाळीपर्यंत, म्हणजे नखाच्या आतल्या जिवंत भागापर्यंत, कापले जाणे. जिव्हाळीत रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते; काळ्या नखात दिसत नाही, म्हणून एका वेळी 1-2 मिलिमीटरच कापावे आणि कापलेल्या तोंडाच्या मधोमध गडद ठिपका दिसू लागताच थांबावे. रक्त आल्यास स्टिप्टिक (रक्त थांबवणारी) पावडर, नसल्यास कॉर्नफ्लॉवर, नखाच्या टोकावर 3 ते 5 मिनिटे सलग दाबून धरावे. थांबले का हे पाहायला मध्येच बोट उचलले की धरलेली गुठळी निघते. घरी रक्त लवकर न थांबण्यामागे बहुधा ही घाईच असते. 15 मिनिटांनीही वाहत असेल तर पशुवैद्य गाठावा.

कात्रीची जखम बहुधा जटा काढताना होते. जट ओढली की तिच्यासोबत कातडीही वर येते आणि केस समजून तीच कापली जाते. काख व कानामागची जागा यासाठी कुप्रसिद्ध आहे. जट आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा अडकवता येत नसेल, तर तिथे कात्री लावूच नये. जखम झाल्यास स्वच्छ गॉजने दाबून रक्त थांबवावे, भोवतीचे केस बाजूला करावेत. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा पाऊण चमचा मीठ घालून त्याने धुवावे, मग फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. हळद, डेटॉल, स्पिरिट टाळावे: हळदीचा थर जखमेवर बसून आतली घाण झाकतो, उरलेली दोन्ही आग करतात. कातडीच्या कडा फाकल्या असतील तर टाके लागतात. कानाचे टोक कापले गेल्यास कुत्रे डोके झटकून रक्त पुन्हा सुरू करते. कान डोक्यावर दुमडून सैलसर पट्टी बांधावी.

ट्रिमरचे पाते तापून कातडी लाल होते. दर काही मिनिटांनी पाते मनगटावर टेकवून पाहावे. लालीवर थंड पाण्याची घडी ठेवावी. बर्फ थेट लावू नये.

नाशिकमध्ये दोन गोष्टींची भर पडते. पावसाळ्यात उघड्या जखमेत माश्या अंडी घालतात व अळ्या पडतात, म्हणून जखम रोज सकाळ-संध्याकाळ तपासावी आणि चाटू नये म्हणून गळ्याभोवती कोन (शंकूच्या आकाराची कॉलर) घालावा. पावसाळा सरल्यावर पांडवलेणीसारख्या डोंगरावर फिरून आलेल्या कुत्र्याच्या बोटांत कुसळे घुसतात. टोक बाहेर दिसत असेल तरच चिमट्याने सरळ ओढावे, आत गेलेले कोरू नये. नखे कापताना गप्प बसावे म्हणून हंगामातली द्राक्षे किंवा मनुका भरवू नयेत, त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत.

दुखावलेले कुत्रे घरच्यालाही चावते. चावल्यास जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजप्रतिबंधक लशीसाठी दवाखान्यात जावे.