किशोरवयीनांच्या निवासी उपचार केंद्रांतील अत्याचार (अमेरिका)

हाताबाहेर गेलेल्या किशोरवयीन मुलामुलींना वळणावर आणण्याच्या नावाखाली अमेरिकेत हजारो मुले घरापासून दूर, बहुधा दुसऱ्याच राज्यात ठेवली जातात. तिथे होणारा शारीरिक, मानसिक आणि लैंगिक छळ हा या नोंदीचा विषय आहे. उपचारात्मक निवासी शाळा, रानावनातल्या 'वाइल्डरनेस थेरपी'च्या मोहिमा, लष्करी धर्तीची बूट कॅम्प, धार्मिक वसतिगृहे आणि मनोविकारांची निवासी केंद्रे अशी सगळी ठिकाणे यात येतात. या सर्वांना मिळून 'ट्रबल्ड टीन इंडस्ट्री' म्हणतात. हे नाव तिथून बाहेर पडलेल्यांनी आणि टीकाकारांनी रूढ केले. केंद्रे स्वतःला असे म्हणवून घेत नाहीत. मूल पाठवण्याची कारणे नशा, नैराश्य, शाळेला दांडी, घरातून पळून जाणे अशी असतात, आणि कधी मूल समलैंगिक आहे एवढेच कारण पुरते.

एखादा कर्मचारी वाईट निघाला म्हणून छळ झाला, असे स्पष्टीकरण दर वेळी दिले जाते. ते पुरेसे नाही. मूल जे सांगते ते खोटे धरायचे, हा यातील अनेक केंद्रांचा पायाच आहे आणि बाकीचे सगळे त्यावर उभे राहते.

या पद्धतीचे मूळ 1958 साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिच याने काढलेल्या 'सिनॅनॉन' या व्यसनमुक्ती गटात सापडते. तिथे 'द गेम' नावाची बैठक चाले. एकाला मध्ये बसवायचे आणि बाकीच्यांनी तो मोडून पडेपर्यंत त्याच्यावर तुटून पडायचे, असे तिचे स्वरूप होते. मोठ्या व्यसनींसाठीची ही रीत पुढे मुलांवर वापरली गेली. फ्लोरिडात 1970 साली सुरू झालेल्या 'द सीड'ला केंद्र सरकारचे अनुदान होते. 1974 मध्ये सिनेटच्या एका उपसमितीच्या अहवालात तिथल्या पद्धतींची तुलना कोरियन युद्धातील कैद्यांच्या 'ब्रेनवॉशिंग'शी करण्यात आली. तरीही 1976 साली त्याच धर्तीवर 'स्ट्रेट' ही संस्था निघाली आणि 1993 पर्यंत चालली. तिथे नव्या मुलाच्या पँटचा कमरेमागचा पट्टा जुन्या मुलाच्या मुठीत असे. शौचालयापर्यंतसुद्धा तो पट्टा सुटत नसे. रात्री नव्या मुलांना जुन्यांच्या घरी नेऊन कुलूपबंद खोलीत झोपवत. 1985 मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी ब्रिटनच्या राजकन्या डायना यांना याच संस्थेची एक शाखा दाखवायला नेले होते. अशा प्रतिष्ठेपुढे मुलांची तक्रार कोण ऐकणार?

दाखल करण्याची रीत अनेक ठिकाणी एकसारखी आहे. पालक एका 'ट्रान्सपोर्ट' कंपनीला पैसे देतात. पहाटे दोन-तीनच्या सुमारास दोन धिप्पाड माणसे मुलाच्या खोलीत शिरतात आणि "सरळ चल, नाहीतर हातकड्या" असे सांगून त्याला गाडीत घालतात. मुले याला 'गूनिंग' म्हणतात. पोहोचताच कपडे उतरवून झडती होते, फोन काढून घेतला जातो.

मग पायऱ्यांची पद्धत सुरू होते. सगळ्यात खालच्या पायरीवर बोलायलाही परवानगी लागते. गुण मिळवून वर चढायचे आणि एका चुकीने पुन्हा तळाशी यायचे. घरी फोन करणे ही वरच्या पायरीची सवलत असते. तोही कर्मचारी ऐकत बसलेला असताना. नको ते वाक्य तोंडून निघाले की फोन कट. पत्रे वाचूनच बाहेर जातात. पालकांना आधीच बजावलेले असते की मूल इथल्या गोष्टी रंगवून सांगेल, घरी न्या म्हणून रडेल, ते 'मॅनिप्युलेशन', म्हणजे हवे ते करवून घेण्याची चाल समजा. त्यामुळे खरी तक्रार घरी पोहोचली तरी ती आजाराचे लक्षण ठरते. 'वर्ल्ड वाइड असोसिएशन ऑफ स्पेशल्टी प्रोग्रॅम्स' या युटा राज्यातील संघटनेशी संलग्न, जमैकातील 'ट्रँक्विलिटी बे' या केंद्रात शिक्षा म्हणून मुलांना जमिनीवर पालथे झोपवून ठेवत. काहींच्या बाबतीत हे दिवसेंदिवस चाले.

ढोंग समजण्याची ही सवय जिवावर बेतते. युटातील एका रानमोहिमेत 1994 साली 16 वर्षांचा मुलगा फुटलेल्या अल्सरने वारला. वीसपैकी 14 दिवस त्याला अन्न मिळाले नव्हते, वजन सुमारे दहा किलोंनी घटले होते, मलमूत्रावर ताबा राहिला नव्हता. आणि सोबतचे कर्मचारी तो नाटक करतोय असे म्हणत होते. उष्माघात आणि पाण्याची कमतरता यांच्या बळींतही हेच दिसते. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणे ही तातडीची लक्षणे 'चालायचा कंटाळा' म्हणून झटकली गेली.

दुसरा मोठा धोका दाबून धरण्याचा. पालथे पाडून पाठीवर वजन टाकले की छातीचा भाता फुलत नाही. गुदमरलेला माणूस हवेसाठी धडपडतो, वरच्यांना तो प्रतिकार वाटतो आणि दाब वाढतो. "श्वास घेता येत नाही" असे ओरडता येते म्हणजे श्वास चालू आहे, हा समज तर घातकच. उताणे धरले तरी छातीवर किंवा पोटावर वजन आले की तेच होते. एप्रिल 2020 मध्ये मिशिगनमधील कॅलमझू इथल्या केंद्रात 16 वर्षांच्या मुलाने जेवणाच्या खोलीत सँडविच फेकले. अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला सुमारे 12 मिनिटे दाबून धरले. दोन दिवसांनी तो गेला.

कायद्याची पोकळी जुनी आहे. 'पॅरम विरुद्ध जे. आर.' (1979) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पालकांना मुलाला मनोरुग्णालयात दाखल करण्याची बरीच मोकळीक दिली. आधी रीतसर सुनावणी घेण्याची गरज नाही असे ठरले. खाजगी केंद्रांवर देखरेख राज्यांकडे, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मिसूरीत धार्मिक वसतिगृहांना परवान्यातून सूट होती आणि 2021 पर्यंत त्यांना राज्याकडे नोंदही करावी लागत नव्हती. केंद्र सरकारच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने ऑक्टोबर 2007 मध्ये संसदेपुढे 10 मृत्यूंची तपासणी मांडली. 2005 या एका वर्षात 33 राज्यांतून छळाच्या घटनांत 1,619 कर्मचाऱ्यांची नोंद झाल्याचेही त्यात होते. त्यानंतर आलेली विधेयके बारगळली. 2021 मध्ये टीव्हीवरील प्रसिद्ध व्यक्ती पॅरिस हिल्टन यांनी युटाच्या विधिमंडळ समितीसमोर आपल्या किशोरवयातील अनुभवांची साक्ष दिली. त्यानंतर तिथे वर्षाला चार तपासण्या आणि कुटुंबाशी दर आठवड्याला खाजगी संपर्क बंधनकारक झाला. डिसेंबर 2024 मध्ये 'स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज अ‍ॅक्ट' मंजूर झाला. तो अभ्यास आणि शिफारशींपुरता आहे. केंद्रांसाठी देशव्यापी किमान नियम त्याने घातलेले नाहीत.

मूल पाठवण्याच्या विचारात असलेल्या पालकाने माहितीपत्रकातली घोड्यांची आणि डोंगरांची चित्रे बाजूला ठेवून आधी परवाना पाहावा. तो रुग्णालयाचा, शाळेचा की नुसत्या मैदानी शिबिराचा, यावर तपासणीला कोण येते हे ठरते. राज्याच्या कार्यालयातून तपासणीचे मागचे अहवाल मागवावेत. गेल्या वर्षी किती वेळा मुलांना दाबून धरले, किती वेळा एकांत खोलीत ठेवले, हे आकड्यांत विचारावे. केंद्र सुचवणाऱ्या सल्लागाराला तिथून काही मिळते का, तेही विचारावे. आणि पहिल्या दिवसापासून, कोणी ऐकत नसताना, मुलाला घरी फोन करता येईल का हे लेखी घ्यावे. त्याला नकार मिळाला तर मूल तिथे ठेवू नये.