बंधाऱ्यातून पिल्लांची उतरण : बरगे आणि पंपाच्या जाळ्या घेणाऱ्यांसाठी माहिती

पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक असते. वलगणीच्या रात्री अख्खा गाव बॅटऱ्या घेऊन शेतात उतरतो. त्या माशांची पिल्ले पुढे भातखाचरांत आणि पऱ्ह्यांत (लहान ओढ्यांत) वाढतात, आणि पाणी ओसरू लागले की भाद्रपद-आश्विनात नदीकडे उतरतात. ही उतरण बहुतेक रात्रीची असते, म्हणून नजरेत येत नाही. तिच्या मागोमाग, कधी तिच्या ऐन भरातच, आपण बरगे (बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत एकावर एक बसवायच्या लोखंडी फळ्या) घालून बंधारा अडवतो. तो अडवायलाच हवा. पाणी साठले नाही तर उन्हाळी भाजीपाला कशावर करायचा? पण वाट ठेवूनही अडवता येतो.

पिल्लू पोहते कमी, वाहते जास्त. ते पृष्ठभागाजवळून, मुख्य धारेबरोबर येते. बंधारा काठोकाठ भरून सगळ्या माथ्यावरून सांडू लागला की आपल्याला वाटते, वाट आहेच. हिशेब करून पाहा. सेकंदाला 32 लिटर पाणी 20 मीटर लांबीच्या माथ्यावरून गेले तर त्याची जाडी जेमतेम 9 मिमी भरते. एवढ्या पातळ पडद्यात दोन-अडीच इंची पिल्लू उतरत नाही. माथ्याशी घोटाळत राहते आणि पहाटे बगळ्यांचे होते. तेच 32 लिटर 30 सेंमी रुंदीच्या एकाच खाचेतून सोडले तर पाण्याची उंची 15 सेंमी मिळते. पाणी एक थेंबही जास्त जात नाही, फक्त एका जागी जाते. आमचा कापीचा बरगा म्हणजे एवढेच : सगळ्यात वरच्या बरग्याला 30 × 20 सेंमीची काप आणि आवक घटली की ती बंद करायला सरकती पट्टी. जुना बरगा असेल तर गावातल्या वेल्डरकडूनही काप मारून घेता येईल, नवीन घ्यायलाच हवा असे नाही.

काप कापल्यावर तिची कड तशीच धारदार सोडू नका. पाण्याचा वेग एकदम वाढला की पिल्लू तोंड प्रवाहाकडे फिरवून थबकते आणि मागे सरकते. कडेवर 50 मिमी पाइप उभा चिरून त्याची अर्धी फाक वेल्ड करा. पाणी गोलाईवरून जाते, अंगही सोलत नाही. काप मुख्य धारेच्या गाळ्यात हवी, काठाच्या नको. तिच्यावर दिवा लावू नये, उजेडाला पिल्ले अडतात. पाचोळा रोज संध्याकाळी काढावा, कारण खरी वर्दळ अंधार पडल्यावर सुरू होते.

आता पडण्याचे. 2 मीटरवरून पडताना वेग सेकंदाला साधारण 6.3 मीटर होतो. पाण्यात पडले तर लहान पिल्लाला त्याने काही होत नाही. जीव जातो तो खालच्या काँक्रीटच्या फरशीवर आपटून. म्हणून कापेखाली डोह हवा : उडीच्या पाव पट खोल, आणि निदान 90 सेंमी. फरशी उघडी असेल तर तिच्या खालच्या टोकाला सिमेंटच्या गोणींची आडवी रांग रचून पाणी तुंबवा. गोणींच्या मधोमध फट ठेवा, नाहीतर पिल्ले तिथेच अडकतील. सकाळी फरशीवर खवले किंवा मेलेली पिल्ले दिसली तर डोह उथळ आहे असे समजा.

रबरी सील गेलेला बरगा पाणी तर घालवतोच, पण तळाच्या फटीतून सुटणारी जोरदार चिळकांडी पिल्लांना ओढून घेते. फट बोटभर, कड लोखंडाची. दरवर्षी घालण्याआधी सील तपासा.

पंपाचे नुकसान तर डोळ्यांआडच होते. 10 लिटर प्रति सेकंद ओढणाऱ्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हची (नळाच्या पाण्यातल्या टोकावरच्या झडपेची) जाळी 15 सेंमी व्यासाची, 20 सेंमी लांब धरा. ती अर्धी बुजली की तिच्याशी पाण्याचा वेग सेकंदाला 0.21 मीटर होतो. अमेरिकेत साल्मनच्या कोवळ्या पिल्लांसाठी ही मर्यादा 0.12 मीटर आणि छिद्र 2.38 मिमी धरतात. आपल्या पिल्लांसाठीही आम्ही तेच माप वापरतो. 30 सेंमी व्यासाचा, 40 सेंमी लांबीचा जाळीचा पिंप बसवला तर अर्धा बुजूनही वेग 0.05 च्या आसपास राहतो. मच्छरदाणीचे कापड गुंडाळू नका. ते शेवाळाने काही तासांत बुजते, पंप उपाशी पडतो आणि कापड फाटून आत जाते.

वाशिष्ठीत कोयनेचे अवजल (वीज करून सोडलेले पाणी) येते, कुंडलिकेत भिऱ्याचे. वीजनिर्मितीप्रमाणे पातळी दिवसातच चढते-उतरते, म्हणून या नद्यांवर पिंप सर्वात कमी पातळीलाही 30 सेंमी बुडालेला राहील असा बसवा. काठाच्या उथळ पाण्यात नको, पिल्लांचा आसरा तिथेच असतो.

उन्हाळ्याअखेर बरगे काढताना एकदम उपसू नका. पाणी झपाट्याने उतरले की पिल्ले काठच्या खळग्यांत अडकतात आणि दुपारपर्यंत मरतात. पातळी ताशी 5 सेंमीपेक्षा जास्त उतरू देऊ नये. काम लांबते, पण ते तसेच करावे. पावसाळ्यात एकही बरगा बंधाऱ्यात ठेवू नका. अहिर हा सापासारखा लांब मासा पुराच्या पाण्याबरोबर अंडी घालायला समुद्राकडे निघतो, तोही तळातून. वरची काप त्याच्या कामाची नाही. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या माद्याही पावसात खाडीकडे उतरतात. त्यांची अळी मचूळ पाण्याशिवाय चार-पाच दिवसांपलीकडे जगत नाही.

खारबंदिस्तीवर (खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधावर) उघाडीची, म्हणजे आतले पाणी सोडायच्या दाराची, झडप ओहोटीला पूर्ण उघडते का, ते पाहा. बिजागरी गंजली की ती वीतभरच उघडते, आणि आतली बोय, जिताड्याची पिल्ले आतच राहतात. ग्रीस दर पंधरवड्याला, उधाणाच्या आधी.

कापेखाली सापळा किंवा जाळे लावू देऊ नका. सगळी पिल्ले एकाच जागी उतरत असल्याने एका रात्रीत पऱ्ह्याची वर्षाची पैदास निघून जाते. बंधारा समितीच्या ठरावात ही अट आधीच घाला, मगच काप उघडा.