टेक्ससमध्ये बॅकयार्डात पूल बांधायचाय? एचओएची मंजुरी कशी काढायची

फ्रिस्को, केटी, सीडर पार्क इकडे घर घेतलेल्या आपल्या मंडळींमध्ये उन्हाळा लागला की पूलचा विषय निघतोच, बिल्डर झकास थ्रीडी डिझाईन दाखवतो, पोरं नाचायला लागतात आणि एचओए (म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची असोसिएशन) कुणाच्या डोक्यातच नसतं. बिल्डर म्हणतो आम्ही बघतो सगळं. बघेलही, पण अर्ज तुमच्या नावावर असतो आणि मंजुरी नसताना खड्डा खणला तर दंडाची नोटीस तुमच्याच मेलबॉक्समध्ये पडते.

मुळात या दोन परवानग्या आहेत, सिटीचं परमिट वेगळं आणि एचओएची मंजुरी वेगळी, एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. माझ्या मते एचओएचं आधी करा, कारण त्यांनी पूल चार फूट सरकवायला सांगितला तर सिटीचा नकाशा परत काढावा लागतो. आणि बिल्डरला मोठा अॅडव्हान्स मंजुरी आल्याशिवाय देऊ नका, तसं करारातच लिहून घ्या.

अर्ज घरमालकानेच करायचा, भाडेकरूला चालत नाही. एचओएची वर्गणी (ड्यूज) थकली असेल किंवा नियम मोडल्याची जुनी नोटीस (व्हायोलेशन) मिटवलेली नसेल तर बऱ्याच ठिकाणी अर्ज पुढेच सरकत नाही, तेव्हा ते आधी क्लिअर करा. आणि डीड रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे घरासोबत येणारी एचओएची नियमावली, नीट वाचा, जमिनीवर ठेवायचा अबव्ह ग्राउंड पूल पुष्कळ एचओएंना अजिबात चालत नाही.

कागदपत्रांमध्ये खरा जीव सर्व्हेत आहे. घर खरेदीच्या, म्हणजे क्लोजिंगच्या कागदांमध्ये प्लॉटचा सर्व्हे (मोजणी नकाशा) असतो, तो शोधा. मागच्या फेन्सला समांतर एक तुटक रेघ असते आणि तिच्यापाशी बारीक अक्षरात यू.ई. किंवा डी.ई. लिहिलेलं असतं, म्हणजे युटिलिटी नाहीतर ड्रेनेज ईझमेंट, लाईनी किंवा पाण्याच्या निचऱ्यासाठी राखलेली पट्टी. पूलचा कोपरा त्या रेघेपलीकडे गेला की अर्ज अडकलाच समजा, आणि लोक पूल बरोबर आत बसवतात पण पंप-फिल्टरचा कट्टा नेमका ईझमेंटवर काढतात! त्यामुळे याच सर्व्हेवर पूल, डेक, पंप सगळं मापात काढून प्रत्येक फेन्सपासूनचं अंतर लिहा. पावसाचं पाणी कुठून वाहून जाणार ते बाणांनी दाखवा, शेजाऱ्याच्या आवारात पाणी गेलेलं कुठलीच कमिटी खपवून घेत नाही. सोबत बिल्डरचं इन्शुरन्स सर्टिफिकेट, फेन्सची माहिती, मशीन कुठून आत येणार तो रस्ता (मागच्या ग्रीनबेल्टमधून सहसा येऊ देत नाहीत), अर्जाची फी आणि कुठेकुठे परत मिळणारं डिपॉझिट.

फेन्सचं म्हणाल तर पूल कोडप्रमाणे साधारण किमान ४८ इंच उंची लागते, गेट आपोआप बंद होऊन लॅच लागणारं आणि पूलच्या उलट्या बाजूला उघडणारं हवं, तरी तुमच्या सिटीचा नियम बघून घ्या. लहान मुलांसाठी पूलभोवती ६ फुटांपर्यंतची काळी पारदर्शक जाळीची, मेटल फ्रेमवाली फेन्स लावायची असेल तर २०२१ च्या कायद्यापासून एचओए तिला दिसायला बरी नाही म्हणून नाही म्हणू शकत नाही.

अर्ज जातो एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीकडे, बांधकामाचे अर्ज तीच तपासते. किती दिवसांत उत्तर द्यायचं ते तुमच्या डीड रिस्ट्रिक्शन्समध्येच असतं, बऱ्याच ठिकाणी ३० दिवस. मुदतीत उत्तर आलं नाही तर काही ठिकाणी मंजूर धरतात आणि काही ठिकाणी चक्क नामंजूर, म्हणून गप्प आहेत म्हणजे हो असेल असं समजून काम सुरू करू नका. अर्ज पोचल्याची ईमेल जपून ठेवा.

नाही म्हणाले तर? ४० पेक्षा जास्त लॉट (प्लॉट) असलेल्या एचओएला नकार लेखी द्यावा लागतो, कारण काय आणि काय बदललं तर चालेल हेसुद्धा त्यात लिहावं लागतं. नोटीस पाठवल्यापासून ३० दिवसांत तुम्ही बोर्डापुढे हिअरिंग मागू शकता. शिवाय बोर्डाचा मेंबर किंवा त्याची बायको/नवरा त्या कमिटीवर बसू शकत नाही, हा पण कायदाच आहे. पण खरं सांगू का, भांडण्याआधी मॅनेजमेंट कंपनीला फोन करा, नकाशात छोटा बदल करून बरंच काम होऊन जातं.

मंजुरी आली की खणायच्या किमान ४८ तास आधी, म्हणजे शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून दोन दिवस, ८११ या फोन नंबरवर कळवावं लागतं, ते फुकट येऊन जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाईनी मार्क करून जातात. मंजुरी किती महिने चालते ते पत्रात बघा. मध्येच डिझाईन बदललं, वॉटरफॉल वगैरे वाढवला, तर परत अर्ज. मशीनसाठी काढलेली फेन्स परत बसवून, फुटपाथ फुटला असेल तर नीट करून फोटो पाठवा, मगच डिपॉझिट सुटतं.