अडलेले काडतूस आत ढकलावे का?

एआर-१५ पद्धतीच्या रायफलीवर उजव्या बाजूला, रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडतात त्या खिडकीच्या थोडे मागे, एक जाड बटण असते. त्याचे नाव फॉरवर्ड असिस्ट. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग, पूर्ण बंद झाला नाही, तर अंगठ्याने किंवा तळहाताने ते दाबून बोल्ट पुढे सरकवायचा, एवढेच त्याचे काम. मात्र बोल्ट ज्या कारणांनी अडतो, त्यांपैकी थोड्याच कारणांवर हे बटण उपाय ठरते. काही वेळा तर ते अडचणीचे रूपांतर अपघातात करते.

आधी बोल्ट बंद कसा होतो ते पाहू. गोळी सुटली की वायूच्या दाबाने बोल्ट कॅरिअर (बोल्ट धरून ठेवणारा भाग) मागे फेकला जातो आणि दस्त्यातली स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंग उलगडताना कॅरिअर पुढे येतो आणि मॅगझीनमधले सर्वांत वरचे काडतूस ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या जागेत, नेतो. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये बरीच कामे एकदम होतात. पुंगळी मागे ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीच्या बुडाच्या कडेवरून उसळून खाचेत बसतो. बोल्टच्या तोंडातला पुंगळी बाहेर फेकणारा स्प्रिंगवाला इजेक्टर दाबला जातो. मग कॅम पिन या खिट्टीमुळे बोल्ट २२.५ अंश फिरतो आणि त्याचे दाते नळीच्या मागच्या खाचांत अडकून कुलूपबंद होतात.

या सगळ्याला जोर लागतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर स्प्रिंग बरीचशी उलगडलेली असल्याने तिचा जोर सर्वांत कमी असतो. बोल्ट बंद होतो तो मुख्यतः कॅरिअरने वाटेत मिळवलेल्या वेगामुळे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ऊर्जा पावपट उरते. म्हणून हँडल हातात धरून बोल्ट हळूच पुढे सोडला, तर तो बहुधा शेवटच्या टप्प्यावर थांबतो. बिघाड काहीच नसतो, फक्त वेग कमी पडलेला असतो.

एम-१ गॅरंड, एम-१४ किंवा एके-४७ या रायफलींत हँडल बोल्टच्या यंत्रणेशी पक्के जोडलेले असते. बोल्ट थोडा उघडा राहिला तर हँडलवर हात मारायचा, काम झाले. एआर-१५चे चार्जिंग हँडल कॅरिअरला फक्त मागे ओढते, पुढे ढकलू शकत नाही. गोळीबार चालू असताना ते जागच्या जागी राहते, हा त्याचा फायदाही आहे.

हे बटण हवे की नको, या वादाचे मूळ इथेच आहे. युजीन स्टोनर यांच्या मूळ रचनेत हे बटण नव्हते. अमेरिकी हवाई दलाने रायफल तशीच घेतली. तीन वर्षांच्या चाचण्या आणि वापरात, हाताने बोल्ट बंद करून दूर झाला असता असा एकही बिघाड आपल्या नोंदीत नाही, असे हवाई दलाचे म्हणणे होते. जमिनीवरच्या सैन्याला मात्र ते पटेना. आधीच्या रायफलींवर बोल्टला हात मारण्याची सोय होती, ती नव्या रायफलीत का नसावी, हा त्यांचा आग्रह. एम-१६ हे एआर-१५चे लष्करी रूप. १९६३ साली निघालेल्या मागणीत सैन्यासाठी ८५,००० एक्सएम१६ई१ रायफली बटणासह होत्या आणि हवाई दलासाठी १९,००० एम-१६ बटणाविना. काडतूस आत जात नसेल तर जबरदस्तीने बहुधा अडचण वाढतेच, असे स्टोनर यांचे मत होते.

पुढे व्हिएतनाममध्ये रायफली अडकू लागल्या तेव्हा हे बटण फारसे उपयोगी पडले नाही, कारण तिथला मुख्य बिघाड वेगळाच होता. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसायची आणि एक्स्ट्रॅक्टरला ती ओढता येत नसे. काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा थर नाही, साफसफाईचे साहित्य अपुरे, अशी कारणे त्यामागे होती. १९६७ साली प्रमाणित झालेल्या एम१६ए१ वर बटण कायम राहिले खरे, पण रायफल सुधारली ती क्रोमचे चेंबर आणि नियमित सफाई यांमुळे. आत चिकटलेल्या पुंगळीला पुढे ढकलून काय मिळणार?

यंत्र म्हणून बटण अगदी साधे आहे. एक दट्ट्या, त्याची स्प्रिंग आणि दट्ट्याच्या टोकाला एक छोटा दाता. कॅरिअरच्या उजव्या अंगाला आडव्या खाचांची ओळ असते. बटण दाबले की दाता एका खाचेत अडकतो आणि कॅरिअरला पुढे रेटतो. एका दाबात कॅरिअर थोडाच सरकतो, म्हणून कधी दोन-तीनदा दाबावे लागते.

आता बोल्ट अर्धवट का राहतो ते पाहू. पहिले कारण वर आलेच: बोल्ट हळू सोडला. शिकारीला किंवा पहाऱ्यावर आवाज न करता काडतूस भरायचे असेल, किंवा चेंबरमध्ये काडतूस आहे की नाही हे बोल्ट थोडा मागे ओढून पाहिले असेल, तर शेवटचा टप्पा बटणाने पूर्ण करणे हा त्याचा रास्त उपयोग आहे. आमच्या मते हाच त्याचा खरा उपयोग. लांबून अचूक नेम साधणाऱ्या पीएसजी-१ या जर्मन रायफलीवरही बोल्ट आवाज न करता बंद करण्याची सोय दिलेली आहे, तीही याच गरजेपोटी.

दुसरे कारण घाण. चेंबरमध्ये काजळी किंवा वाळू, थंडीत घट्ट झालेले तेल, कोरडा पडलेला कॅरिअर. इथे बटण दाबून बोल्ट बंद होतो, एक गोळी सुटतेही. पण पुढचे काडतूस पुन्हा तिथेच अडते, आणि खरखरीत चेंबरमध्ये दाबून बसवलेली पुंगळी बाहेर काढणे अधिक जड जाते. जिवावर बेतलेल्या क्षणी ती एक गोळी मोलाची असेल. सराव मैदानावर नाही.

तिसरे कारण सदोष काडतूस, आणि इथून बटण नुकसान करू लागते. घरी पुन्हा भरलेल्या काडतुसांत पुंगळीचा खांदा (गळ्याकडे निमुळता होणारा भाग) नीट मागे बसवलेला नसेल, किंवा गळ्याजवळ चेप असेल, तर ती चेंबरच्या मापात बसत नाही. स्प्रिंगच्या जोराने बोल्ट थांबतो, तेव्हा काडतूस हातानेही काढता येते. बटणावर जोर लावला की ते पाचरीसारखे रुतते. मग आत जिवंत काडतूस, हँडल हलत नाही, आणि दस्ता जमिनीवर आपटून बोल्ट उघडण्याचा मोह होतो. जिवंत काडतुसावर हा प्रयोग करू नये. नळी सुरक्षित दिशेला ठेवून जाणत्या बंदूक कारागिराकडे काम सोपवावे.

सर्वांत घातक चूक काडतुसांच्या सरमिसळीची. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस एआर-१५च्या नेहमीच्या ५.५६ मिमी काडतुसाच्या पुंगळीपासूनच बेतलेले आहे. दोघांचे मॅगझीन एक, बोल्टही एक. पण एकाची गोळी सुमारे ७.८ मिमी जाड, दुसऱ्याची ५.७. ब्लॅकआउटचे काडतूस ५.५६च्या चेंबरमध्ये गेले तर गोळी गळ्यापाशी अडते आणि बोल्ट उघडा राहतो. हा रायफलीने दिलेला इशारा आहे. बटण जोरात मारले तर काही प्रकारच्या गोळ्या पुंगळीत मागे सरकतात, बोल्ट बंद होतो, आणि चाप ओढताच रायफल हातात फुटते. हाच धोका नळीत गोळी अडकलेली असताना. आधीच्या काडतुसात दारू कमी असल्याने गोळी चेंबरच्या तोंडाशीच राहिली असेल, तर पुढचे काडतूस पूर्ण बसत नाही. ते ठोकून बसवणे म्हणजे बंद नळीत स्फोट घडवणे.

दोन काडतुसे एकदम वर आली असतील, किंवा आधी फुटलेल्या प्रायमरचा (पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा) तुकडा बोल्टच्या दात्यांत अडकला असेल, तरीही पुढे रेटून काही साधत नाही.

म्हणून क्रम असा: बोट चापावरून काढा, नळी सुरक्षित दिशेला, मॅगझीन काढा, हँडल पूर्ण मागे ओढून काडतूस बाहेर पाडा. ते उचलून पाहा. खांद्यावर ओरखडा आहे का, गोळी आत सरकली आहे का, तळावर कोणते माप कोरले आहे? आधीच्या वेळी आवाज दबका आला असेल किंवा धक्का जाणवला नसेल, तर नळी आरपार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्व ठीक असेल तर मॅगझीन लावा, हँडल पूर्ण ओढा आणि हात न लावता सुटू द्या. अमेरिकी सैन्यात वर्षानुवर्षे शिकवलेल्या ‘स्पोर्ट्स’ या कवायतीतही बटण पहिल्या पायरीवर नव्हते: मॅगझीनच्या तळाला थाप, हँडल मागे, पुंगळी बाहेर पडली का ते पाहणे, हँडल सोडणे, मग बटणाला थाप आणि शेवटी चाप. म्हणजे अडलेले काडतूस आधी बाहेर, बटण त्यानंतर. लोक नेमके हेच विसरतात आणि पहिला हात बटणावर टाकतात.

नवी रायफल घेताना बटण आहे म्हणून जास्त पैसे देण्याची गरज नाही, आणि ते काढून टाकण्यासाठी खर्च करण्याचीही नाही. वजनात फरक नगण्य आहे. मैदानी नेमबाजीसाठी बटणाविना रचना पूर्ण पुरते. शांतपणे भरण्याची गरज असेल तर बटण असलेली बरी. बटण नसलेल्या रायफलीतही, उघड्या खिडकीतून कॅरिअरच्या अंगावरच्या खोलगट जागेवर बोट रोवून बोल्ट थोडा पुढे नेता येतो. सुटे भाग जोडणाऱ्यांनी एक पाहून घ्यावे: बाजारात खाचा नसलेले गुळगुळीत कॅरिअरही मिळतात. तसा कॅरिअर बसवला तर बटण दिसायला राहते, पण दात्याला अडकायला काही नसते. बटण दाबून सोडल्यावर लगेच बाहेर येते का, हेही तपासा; काजळीने चिकटलेला दट्ट्या आतच राहिला तर त्याचा दाता कॅरिअरच्या वाटेत येतो.